शनिवारची बैठक : नोंदवही घेऊन या

शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता तळमजल्यावरच्या संसाधन कक्षात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वागण्याविषयी बैठक आहे. विशेष शिक्षक आणि वर्गशिक्षक, दोघांनीही यायचं आहे. मदतनीस मावशींना आवर्जून आणा. डबा खाताना मुलांजवळ त्याच असतात.

– एका मुलाच्या एकाच वागण्याची आठवडाभराची नोंद आणा : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर आपण काय केलं. ‘हट्टी आहे’ ही नोंद नव्हे. ‘घंटा झाली, कान झाकून बाकाखाली गेला’ ही नोंद.
– नाव लिहू नका. फोटो, व्हिडिओ ग्रुपवर अजिबात नकोत.

तोवर एवढं पाळा. फ्रॅजाइल एक्स (एक जन्मजात जनुकीय स्थिती) असलेल्या मुलाला ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नका. नजर चुकवणं हा उद्धटपणा नाही. नजर भिडली की त्याची घालमेल वाढते. प्राडर-विली (हीसुद्धा जनुकीय स्थिती) असलेल्या मुलाला पोट भरल्यासारखं वाटतच नाही, म्हणून सगळ्यांचे डबे कुलपात ठेवा. बक्षीस म्हणून चॉकलेट तर नकोच (वाढदिवसाचंही पालकांना विचारून). डाउन सिंड्रोम असलेलं मूल ‘ऐकत नाही’ वाटलं, तर कानांची तपासणी कधी झाली ते आधी पाहा. दिवसाचा चित्रतक्ता (कशानंतर काय, ते चित्रांत) भिंतीवर हवाच.

येणार की नाही, गुरुवारपर्यंत कळवा.