निकाल टीव्हीवर, ऊन घरात

महोदय,

4 जून 2024, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. सगळं घर सकाळपासून टीव्हीपुढे. भाजप बहुमताचा 272 चा आकडा गाठणार की नाही, यावर बाबा आणि धाकट्या भावाची जुंपलेली. तेवढ्यात वीज गेली. भिंतीला हात लावला तर चटका बसावा अशी दुपार. आईने आजीच्या कपाळावर ठेवलेला ओला पंचा पाच मिनिटांत कोरडा. भाजप 240 वर थांबल्याचं आम्हाला रात्रीच कळलं. (भांडण मात्र अंधारातही चालू होतं.) आजी मतदानालाही अशाच उन्हात रांगेत उभी राहिली होती. मतदान महिनाभर आधी आटपायला हवं होतं, हे मुख्य निवडणूक आयुक्तांनी निकालाच्या आदल्या दिवशी मान्य केलं. लोकसभेची मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत कधीही निवडणुकीची अधिसूचना काढायला कायद्याची आडकाठी नाही. मग 2029 ला मार्चमध्येच उरकता येईल ना?

– एक मतदार