भांडायला आम्ही आता गच्चीवर जातो

सांगली,
सोमवार, 10 ऑगस्ट

प्रिय मने,

तुझे मिस्ड कॉल पाहिले. ‘जिवंत आहेस काय’ हा मेसेजही पाहिला. जिवंत आहे. बीपी गोळीवर आहे, गुडघे होते तिथेच आहेत, ह्यांची शुगर खाली-वर. झालं तब्येतीचं. फोन मुद्दाम केला नाही. जे सांगायचंय ते घरातून बोलता येत नाही, आमच्या हॉलला आता कान फुटलेत. आणि मोबाईलवर एवढं टाइप करायचं तर माझी पेन्शन सुरू होईल. म्हणून दुकानात बसून पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. आवक नाही, सौदे थंड, शेठ पंढरपूरला गेलेत आणि हमाल मंडळींचा पत्त्यांचा डाव रंगलाय. कागदाला पिवळी बोटं लागली असतील, तेवढं समजून घे. हळदीच्या पेठेतून पत्र येतंय.

आईंचा खुबा मोडल्याचं तुला कळवलं होतं. मिरजेला ऑपरेशन झालं, वॉकर आला. जिना बंद, म्हणून त्यांची कॉट वरच्या खोलीतून खाली हॉलमध्ये आणली. तेव्हा भाऊजी पुण्याहून रात्रीत गाडी मारत आले, दवाखान्यात बाकड्यावर झोपले, बिलात अर्धा वाटा न मागता दिला. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तू त्यांना शिव्या घालणार. जाताना त्यांनी हॉलमधल्या कपाटावर कॅमेरा बसवला. “वहिनी, तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. कामवाली एकला जाते. मला तिकडून लक्ष ठेवता येईल.” मला बरंच वाटलं की गं. कुणीतरी बघतंय म्हणजे माझं मन दुकानात लागेल.

मुठीत मावेल एवढं ते यंत्र. कुणी हललं की मान वळवतं, घर्र आवाज करतं. रात्री अंधारातही दिसतं त्याला, फक्त आपले डोळे पांढरेफटक दिसतात. आणि ते बोलतं! पहिल्याच आठवड्यात रात्री अकराला मी जमिनीवर फतकल मारून डब्यातूनच भडंग खात होते, तर कपाटावरून आवाज आला, “वहिनी, अजून जेवण नाही झालं?” डबा सांडला. आणखी एकदा पहाटे तीनला भाऊजींचा फोन, हॉलमध्ये कुणीतरी फिरतंय म्हणून. आमचे हे काठी घेऊन खाली गेले. काचेसमोरून पाल गेली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला आमच्या घरातली पाल दिसते, मने, आणि मला नागपुरात तू दिसत नाहीस. ब्लू टिकसुद्धा बंद करून ठेवल्यास. ते एक वेगळंच भांडण आहे, शिल्लक ठेवलंय.

हळूहळू काय झालं, मी घरात नीट वागायला लागले. गाऊनवर ओढणी. आईंवर आवाज चढवायचा नाही. ह्यांच्याशी भांडण निघालं की आम्ही एकमेकांकडे बघतो आणि गच्चीवर जातो. दोघांचे गुडघे दुखतात, त्यामुळे भांडणं निम्म्यावर आलीत. पण मी बाहेर तरी पडते गं. दुकान आहे, मंडई आहे, येताना हरिपूर रोडनं उगाच एक फेरी मारता येते. आई चोवीस तास त्याच हॉलमध्ये. तिथेच झोप, तिथेच लुगडं बदलायचं, तिथेच पायाला तेल.

मे महिन्यात एकदा दुपारी पट्ट्यांची वही घरी राहिली म्हणून गेले. बघते तर कॅमेऱ्यावर ह्यांचा पंचा. आईंनी चालायच्या काठीनं उचलून बरोब्बर टाकलेला. आणि खाली आमच्या सासूबाई परकर-पोलक्यावर, पाय पसरून, केस मोकळे सोडून बसलेल्या. रेडिओवर सांगली केंद्र लावलेलं. मांडीवर शेंगादाणे आणि गूळ. अंगावर वाऱ्यासाठी वर्तमानपत्राची घडी. मी कधीच बघितलं नव्हतं त्यांना असं. एवढ्या वर्षांत त्यांचा पदर खांद्यावरून घसरलेला मला आठवत नाही. 2019 च्या पुरात, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या, तेव्हासुद्धा ह्या बाईंनी बोट खोळंबून ठेवली होती. का? तर इरकल नेसायचं होतं. “टीव्हीवाले असतील,” म्हणाल्या.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, “दार लाव. दिवसभर पदर धरून बसायला मी काय देवळात बसलीय?” आणि मुठीतले चार शेंगादाणे माझ्या हातावर ठेवले. माझं लग्न झाल्यापासून आमच्यात इतकं सरळ बोलणं झालं नव्हतं. तुला ते जुनं सगळं माहीतच आहे, मंगळसूत्राचं आणि त्या दिवाळीचं. तर मी दार लावलं.

मग भाऊजींचा फोन. दुपारी कॅमेरा काळा होतो, का? मी म्हटलं, व्होल्टेज. पुन्हा म्हटलं, राऊटर बंद पडतो. महावितरणवर इतकं खापर फोडलं की त्यांनी पुण्याहून इन्व्हर्टर मागवून दिला. त्यांना नेट जातं तेव्हा काय दिसतं आणि कापड टाकल्यावर काय दिसतं ह्यातला फरक कळत नसेल असं मला वाटत होतं. आयटीत आहे माणूस!

आता गेल्या गुरुवारचं, ज्याच्यासाठी हा सगळा कागद.

गुरुवारी दुपारी पुन्हा काळं. त्याच वेळी त्यांना ‘आवाज आढळला’ असा काहीतरी मेसेज आला. आईंच्या हातून तांब्या पडला होता. आईंचा फोन उशीखाली, लागेना. माझा फोन मी ड्रॉवरमध्ये टाकून गोदामात पोती मोजत होते. ह्यांचा बंद. भाऊजींनी घाबरून शेजारच्या पोराला फोन लावला. तो बिचारा परसातून भिंत चढून मागच्या दारानं आत घुसला, आणि त्याच्यामागून त्याचा मित्र. आई परकरावर. त्या किंचाळल्या, उठायला गेल्या, वॉकर हातातून सुटला. नशीब, कॉटवरच पडल्या. पोरं लाजून पळाली. आणि कपाटावरून, पंचाच्या आतून, भाऊजींचा आवाज: “आई! आई, बोल ना! काय झालं?”

मी घरी पोचले तेव्हा त्या नऊवारी नेसून, पदर कानामागून घट्ट घेऊन, कॉटवर ताठ बसलेल्या. पंचा घडी घालून बाजूला. त्या दिवसापासून त्यांनी पंचा टाकला नाही. रेडिओ लावला नाही. भाऊजी कॅमेऱ्यातून हाक मारतात, तेव्हा ‘होय’ आणि ‘जेवले’ एवढंच. आडव्यासुद्धा होत नाहीत दिवसा. काल म्हणाल्या, “माझं अंथरूण वर न्या. पडले तर पडले.”

इकडे भाऊजी फोनवर रडले, मने. खरंच रडले. “मी तिला मेलेली समजलो, वहिनी, त्या दहा मिनिटांत.” काय बोलणार? त्यांचंही चूक नाही. खुबा मोडला तेव्हा आई तासभर बाथरूमच्या फरशीवर पडून होत्या. मी अमावास्येच्या गर्दीत गणपतीच्या देवळात गेले होते. तो तास आमच्यापैकी कुणीच गिळलेला नाही. त्यावर त्यांनी काढलेला उपाय काय, तर गणपतीला येताना नवा कॅमेरा आणणार आणि छताला लावणार. काठी पोचणार नाही इतक्या उंच. ऑर्डर झालीसुद्धा, मला फोटो पाठवलाय. त्याला बॅटरी आहे, लाईट गेली तरी चालतो. माझं महावितरणही गेलं!

ह्यांना विचारलं तर म्हणतात, “दोघांच्या मध्ये मला ओढू नका.” पन्नाशी उलटली तरी धाकट्या भावाला नाही म्हणता येत नाही ह्यांना. लेकानं बेंगळुरूहून सुचवलं, आजीला हाताला बांधायचं घड्याळ घेऊ, पडली की आपोआप फोन लागतो. बरं वाटलं ऐकून. पण त्याच्या आजीला व्हिडिओ कॉलसुद्धा कानाला लावून बोलायची सवय. गेली दोन वर्षं तो आजीचा कान बघून खुशाली विचारतो. ते घड्याळ त्या देव्हाऱ्यात ठेवतील. तरी मागवू म्हणते. दुपारची बाई चारपर्यंत थांबवायची तर महिन्याला अडीच हजार वाढतात, ते मी माझ्या पगारातून देईन, पण आई म्हणतात, बाई घरात असली की पदर आलाच. मग मी विचारते, तुम्हाला काय हवंय? तर म्हणतात, “तू येत जा की दुपारची.” मी! जिच्या हातचं वरण आईंना कधी आवडलं नाही!

माझं डोकं इथेच अडकलंय. दुपारी दोन ते चार त्या पडल्या तर? आणि नाही पडल्या, पण अशाच ताठ बसून राहिल्या तर? शेतकरी मला हळदीचे फोटो पाठवतात, ‘मॅडम, काय भाव जाईल?’ मी प्रत्येकाला सांगते, पोतं घेऊन या. हळकुंड मोडल्याशिवाय, आतला रंग बघितल्याशिवाय कोण बोली लावणार? भाऊजींना हे कसं सांगायचं ते सुचत नाही. ते मुलगा आहेत, मी सून. मी ‘कॅमेरा काढा’ म्हटलं की त्याचा अर्थ काय निघेल हे तुला सांगायला नको. जाऊबाईंनी आधीच विचारलंय, “वहिनी, तुम्हाला घरात काही अडचण होते का कॅमेऱ्याची?” त्या ‘तुम्हाला’वर केवढा जोर होता म्हणून सांगू!

तुलाच का लिहितेय, कळलं असेल. हॉस्टेलच्या खोलीच्या काचेवर पेपर चिकटवून रोज सकाळी रेक्टरची बोलणी खाणारी तूच. आणि तुझ्या आईच्या वेळी तू जे केलंस, त्यावरून सगळ्यांनी तुला फाडून खाल्लं, मी एक शब्द बोलले नव्हते. (बोलले होते, पण ते जांभळ्या साडीवरून.) तेव्हा तू रात्री झोपायचीस काय? तुझे भाऊ कधी गप्प बसले? मला उपदेश नको, तू काय बोललीस त्यांना ते शब्दशः लिही. मी गणपतीच्या आधी भाऊजींना एकटं गाठून बोलणार आहे, हे नक्की केलंय. बहुतेक आयर्विनवर. घरात तर शक्य नाही.

पाणी किती म्हणशील, दरवर्षी तेवढाच तर मेसेज असतो तुझा. सकाळी आयर्विनला 28 फूट होतं. 40 ला इशारा, 45 ला धोका, म्हणजे अजून झोप आहे. कोयनेतून सोडलं की आम्हाला कळायच्या आधी भाऊजींचा पुण्याहून फोन येतो. पाणी चढलं तर आईंची कॉट वर न्यावीच लागेल, आणि मग त्या खाली यायच्या नाहीत हेही मला माहीत आहे.

तुझं कसं? बदली झाली की रखडली? पोरीचं त्या नाशिकच्या मुलाशी पुढं सरकलं काय? पत्रिका-बित्रिका बघत बसू नका. संत्री पाठवू नकोस, वाटेत सडतात. ग्रुप सोडलास ते बरंच केलंस, सकाळचे सुविचार वाचून मीही सुटायच्या बेतात आहे.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाक. घरी आलं तर आई मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावतात, आणि आता ते पुण्यालाही ऐकू जातं.

तुझी,
सुनी

ता.क. जांभळी साडी माझ्याकडे नाहीच आहे. तुझ्या धाकट्या वहिनीला विचार. वीस वर्षं सांगतेय.