औषध ठरवताना मला विचारलंत, म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

पत्र जाहीर लिहितेय, कारण बायपोलर (मन कधी फार खचतं, कधी नको इतकं उसळतं असा आजार) असलेल्या कितीतरी जणांना औषध बदलण्याविषयी विचारायचं असतं, पण डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाही. मग काही जण परस्पर गोळ्या बंद करतात. तुमच्यामुळे माझ्यावर ती वेळ आली नाही.

मी या आजारासाठी व्हॅल्प्रोएट नावाच्या गोळीवर होते आणि तब्येत छान होती. लग्नानंतर घरात बाळाचा विषय निघाला, तेव्हा भीत भीतच तुमच्याकडे आले. सोबत हे होते, तरी पहिला प्रश्न तुम्ही मला विचारलात. आकडेही लपवले नाहीत. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू राहिलं तर शंभरातल्या साधारण दहा बाळांना जन्मजात व्यंग असतं, तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात अडचणी येऊ शकतात. आणि लगेच बजावलंत, की हे ऐकून उद्यापासून गोळी सोडायची नाही. दुसरं औषध बसेपर्यंत गर्भनिरोधन चालू ठेवायचं आणि बदल हळूहळू करायचा.

मग दुसरी औषधं समोर ठेवलीत. लॅमोट्रिजिन गरोदरपणात त्यातल्या त्यात सुरक्षित, पण ते नैराश्य जास्त अडवतं, मेनिया, म्हणजे मनाचं ते उसळणं, तेवढा नाही. माझा त्रास मुख्यतः मेनियाचाच. लिथियम १९४९ पासून या आजारावर वापरात असलेलं, स्वस्त औषध. ते मेनिया रोखतं, आत्महत्येचा धोकाही कमी करतं. मात्र रक्तातली पातळी, थायरॉईड आणि किडनी कायम तपासत राहावी लागते. गर्भाच्या हृदयाला थोडा धोका त्यातही आहे, हेही तुम्ही स्वतःहून सांगितलंत.

मी चित्रकला शिकवते. लिथियमने हात थरथरतो हे ऐकल्यावर माझा धीरच सुटला. "त्यात काय एवढं" असं तुम्ही म्हणाला नाहीत, यासाठी तुमचे विशेष आभार. मात्रा कमी ठेवता येईल, थरथर वाढली तर त्यावरही गोळी आहे आणि तरीही रेघ जमेना तर आपण पुन्हा बसून विचार करू, असं म्हणालात. त्या "आपण"मुळे मी लिथियमला हो म्हटलं.

आमच्या अकोल्याचा मे महिना आणि सासरचे निर्जळी उपवास तुमच्या बरोबर लक्षात होते. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की लिथियमची पातळी चढते, म्हणून असा उपवास नको, अळणी जेवण नको, डोकं दुखलं तरी दुकानातून आयब्युप्रोफेन आणायची नाही. उलट्या-जुलाब झाले, थरथर एकदम वाढली, तोल जायला लागला तर लगेच फोन. हे सगळं सासूबाईंना तुम्ही स्वतः समजावलंत. आता एकादशीला त्याच मला जेवायला वाढतात.

पुढे कधी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसले तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलाय, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तो कागद मी लिहायला घेतलाय.

पातळी तपासायला रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, हे लक्षात आहे. रिपोर्ट घेऊन येते. बाळाचं अजून ठरलेलं नाही. ठरवायच्या आधी तुमच्याशी बोलायला येऊ, दोघंही.

आपली कृतज्ञ,
तुमची एक पेशंट