मागायला न लावता द्यायचं

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, यंदा हात आखडलाय, तेव्हा दानधर्म थांबवला तर देवाला चालेल का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मागून आई म्हणाली, "देवाला चालेल, माणसांचं काय?" तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

मला आईचं पटतं. दिवस वाईट आले की आपण खर्चाला कात्री लावतो, आणि नेमकी तेव्हाच हातावर पोट असणाऱ्यांची गरज वाढते. देणं मनाच्या लहरीवर सोडलं, तर सर्वांत जास्त गरज असलेल्या वर्षीच ते राहून जाणार. जुन्या धर्मांनी हे ओळखलं असावं, कारण त्यांनी त्याचा नियमच केला. इस्लाममध्ये जकात म्हणजे वर्षभराच्या शिलकीचे अडीच टक्के. पण ज्याची शिल्लक ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे त्याला ती लागूच नाही. यहुदी धर्मशास्त्र सांगतं की शेताचे कोपरे कापू नका, खाली पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. म्हणजे गरजवंताने कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. शेतात जायचं आणि आपल्या हातांनी गोळा करायचं. मला हे फार मोलाचं वाटतं. भूक सोसता येते एक वेळ, पण ओळखीच्या माणसापुढे हात पसरणं फार जड जातं.

जोतिराव आणि सावित्रीबाईंची श्रद्धा 'निर्मिका'वर, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्यावर होती. देवळात न जाणारी ती माणसं, पण १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. लोक घरदार सोडून पळत होते, आणि सावित्रीबाई मुलगा यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांना आणत होत्या. तोच आजार त्यांना झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. पासष्टी उलटलेली बाई! आई, तुझ्याहून लहान होत्या त्या. हे लिहितानाही माझे डोळे भरून येतात.

आपल्याकडून तेवढं होणार नाही, कुणी मागतही नाही. पण गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी इथपासून सुरुवात होते आणि शेवटी येतं, दुःखी व निराशांना हिंमत. ते तर तुम्ही दोघं बसल्या जागी देऊ शकता. आई, जी माणसं तोंड उघडून काही मागत नाहीत ती तुला बरोबर कळतात. कुणी गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागतं, कुणी मुलीची शाळा 'सध्यापुरती' बंद करतं, कुणी एकदम येणं-जाणंच सोडतं. अशी नावं मला कळव. फी परस्पर शाळेत भरू, औषधांचं बिल दुकानात चुकतं करू. कुणी दिले हे त्यांना कळायची गरज नाही, आणि आपल्या नावाची पाटी तर नकोच. फोटो काढून देणगी वाटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घेणाऱ्याचा चेहरा त्यात आयुष्यभरासाठी अडकतो.

बाबा, थांबवू नका, कमी करा. आकडा तुम्ही ठरवा, लहान असला तरी चालेल, पण एकदा ठरला की वर्षभर हलवायचा नाही. तेवढीच भर मी माझ्या पगारातून दर महिन्याला घालीन.

एक अट मात्र आहे. तुमच्या दोघांच्या औषधांचे आणि तपासण्यांचे पैसे वेगळे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. बाबा, गुडघ्याचं इंजेक्शन पुढे ढकलल्याचं मला आईकडून कळलंय. या आठवड्यात ते घेऊन या, मग यादी करायला बसू.

तुमची,
ताई