शोधप्रबंधांचे मराठी सार हवे

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहत आहे. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घडामोडींमुळे अवकाश-काळात उठणारे सूक्ष्म तरंग, तिथे कशासाठी मोजायचे, हे तिथल्या शेतकऱ्यालाही मायबोलीत कळायला हवे. संशोधनाचा उपयोग लगेच दिसत नाही. जपानी शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा यांना १९६२ च्या सुमारास जेलीफिशमध्ये सापडलेले चमकणारे प्रथिन आज पेशींच्या अभ्यासात जगभर वापरतात. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठीच मिळाले. आपल्या विद्यापीठांतही गणितापासून प्राणिशास्त्रापर्यंत पीएच.डी. होतात, पण विज्ञानाचे प्रबंध बहुतेक इंग्रजीतच. प्रत्येकासोबत दोन पानी मराठी सार सक्तीचे करावे आणि ते मार्गदर्शकांनी स्वतः तपासावे. निदान १९९३ च्या किल्लारी भूकंपावरचे अभ्यास तरी आधी लातूर-धाराशिवच्या गावांपर्यंत मराठीत पोहोचवा. त्यांचा तो हक्कच आहे.

— एक वाचक, परभणी