मध्याच्या आईचा बल्ब

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

बरेच दिवसांत पत्र नाही, रागावू नकोस. शुगर ताब्यात आहे, गुडघा कुरकुरतो, तब्येतीचं एवढं पुरे. आज काकू येऊन गेल्या. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

कामाचं फोनवर अर्धवट सांगितलं होतं. गोदामाच्या छताला बल्बची लांबच लांब माळ, खाली दोन पितळी मुठी. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि मुठी धरायच्या; आपल्या नाडीवर पहिला बल्ब उघडझाप करतो. पुढचा माणूस आला की आपला ठोका एक बल्ब पुढं सरकतो आणि टोकाचा कायमचा पुसला जातो. युक्ती राफाएल लोझानो-हेमर या मेक्सिकन कलाकाराची, २००६ साली मेक्सिकोत प्वेब्लाच्या जुन्या कापडगिरणीत मांडलेली. येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. नाव घ्यायची भर माझी. बल्बही हट्टानं जुन्या बाजारातून तारेचेच आणले. एलईडी फटकन मालवतो. तार निवताना क्षणभर लाल राहते, आणि मला तेवढंच हवं होतं.

काकूंनी आधी पदराला हात पुसले. तळवे कोरडे, मशीनला नाडीच सापडेना. ओला रुमाल दिला तेव्हा बल्ब पेटला, पण लयीत नाही रे! दोन ठोके, मध्येच थांबला, मग घाईघाईनं तीन. (धाकटीला फोन करून उद्याच डॉक्टरांकडे न्यायला सांगितलंय.) मग त्या खुर्ची घेऊन त्या बल्बखाली बसल्या. नवं माणूस आलं, ठोका सरकला, की त्याही खुर्ची सरकवायच्या. शेवटच्या बल्बपाशी आल्यावर म्हणाल्या, "हा राहू दे की रे. मध्याचं नाव घेतलंय मी."

आता तू तुझा तो फ्रेंच कलाकार बोल्तान्स्की काढणार, ठाऊक आहे. जपानात तेशिमा बेटावर त्यानं जगभरच्या माणसांचे ठोके २०१० पासून जपून ठेवले, २०२१ मध्ये तो गेला तरी त्याचा स्वतःचा ठोका तिथं आहेच. इराण्याकडे यावरूनच तू टेबलावर मूठ आपटून माझा चहा सांडलास. त्या चहाचे पैसे अजून येणं आहेत! मी तेव्हा म्हणालो तेच आजही म्हणतो. गावोगावच्या वीरगळांवर कोण कोरलंय हे कुणाला ठाऊक आहे? तरी लोक शेंदूर लावतातच. मागच्याला जागा द्यायची तर पुढच्यानं सरकायचं. हे अनोळखी माणसांना मी दिवसभर समजावतो, काकूंपुढे तोंड उघडलं नाही.

आणि त्यांचा ठेवला, तर त्यांच्या पुढचा तो माणूस? त्यानं आपल्या लहान मुलीचं नाव घेतलं, मुठी सोडल्या आणि गेला. त्याचा ठोका पुसला गेला. त्यानं मागितलं नाही, एवढंच. मध्या असता तर आईवर ओरडला असता, की मशीनची वायर कापली असती? मला दोन्ही दिसतं.

लेकीचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. तारीख कळव. घराला रंग लावून झाला का? वहिनींना नमस्कार.

काकूंचा ठोका शेवटच्या बल्बवर असतानाच मी दार लावून घेतलं. उद्या सोमवार, बंद. मंगळवारी पहिल्या माणसानं मुठी धरल्या की तो जाणार. म्हणून या पत्राचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतोय. "सुध्याला विचारून सांगतो" असं काकूंना म्हटलंय. मंगळवारच्या आत फोन कर, आणि या खेपेला "तू ठरव" म्हणू नकोस.

तुझा,
विन्या