निवाऱ्यावरचा खर्च आणि उरलेला पगार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई-पुण्याच्या मानाने नागपूर स्वस्त आहे, येथे मध्यमवर्गीय माणूस अजून स्वतःच्या घराचा विचार करू शकतो, असे आपण नागपूरकर मोठ्या समाधानाने सांगत असतो. नुसत्या किमती पाहिल्या तर ते खरेही आहे. परंतु घर परवडते की नाही हे त्यात राहणाऱ्याच्या मिळकतीवरून ठरते, आणि त्या अंगाने आपल्या शहराची चर्चा फार कमी होते. मी आयुष्यभर हिशेब लिहिण्याचे काम केले; निवृत्तीनंतर वस्तीतल्या लोकांचे कर्जाचे आणि आयकराचे कागद पाहून देतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ‘मिळकतीच्या तीस टक्क्यांपर्यंत घरावर खर्च झाला तर चालते’ हा जो ठोकताळा बँकेपासून बिल्डरच्या ऑफिसपर्यंत सर्रास ऐकू येतो, तो नागपुरातल्या कमी मिळकतीच्या भाडेकरू कुटुंबाची खरी ओढाताण झाकून टाकतो.

या तीस टक्क्यांचा उगम अमेरिकेतला आहे. तेथे 1969 साली सार्वजनिक घरांतील भाड्याला कुटुंबाच्या मिळकतीच्या 25 टक्क्यांची मर्यादा कायद्याने घालण्यात आली आणि 1981 मध्ये ती 30 टक्क्यांवर नेण्यात आली. सरकारी घरात राहणाऱ्या गरीब भाडेकरूकडून जास्तीत जास्त किती घ्यावे, एवढ्यापुरताच तो आकडा होता. आपल्याकडे गृहकर्ज देणाऱ्या एचडीएफसीचे तेव्हाचे अध्यक्ष दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी कृतिगटाने 2008 साली अल्प मिळकतीच्या कुटुंबासाठी 30 आणि मध्यम मिळकतीच्या कुटुंबासाठी 40 टक्क्यांची मर्यादा सुचवली, तसेच घराची किंमत वार्षिक मिळकतीच्या चार ते पाच पटींहून अधिक नसावी असेही म्हटले. बँका मात्र इतर हप्ते धरून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत सहज जातात. जी वरची मर्यादा होती, ती आता शिफारस असल्यासारखी सांगितली जाते.

नाव न घेता एका कुटुंबाचा हिशेब देतो. नवरा हिंगणा एमआयडीसीत कामाला, हातात 28,000 रुपये. बायको घरी शिलाईकाम करून महिन्याला सात हजारांच्या आसपास मिळवते. हुडकेश्वरला दोन खोल्या आणि किचन, भाडे 9,500 रुपये. म्हणजे 35,000 च्या मिळकतीत भाड्याचा वाटा 27 टक्के, आणि ठोकताळ्याप्रमाणे सारे आलबेल. आता यात विजेचे वर्षभराच्या सरासरीने 1,400, पिण्याच्या पाण्याच्या कॅनचे 500 आणि कारखान्यापर्यंत रोज जाऊन येऊन पस्तीसेक किलोमीटर गाडी चालवण्याचे पेट्रोल 2,100 रुपये मिळवा. बेरीज 13,500, म्हणजे वाटा 39 टक्क्यांच्या घरात गेला. पेट्रोल घराच्या खात्यात का धरायचे, असे कोणी विचारील. परंतु हिंगण्याजवळ त्याच भाड्यात मनासारख्या खोल्या मिळाल्या नाहीत, बायकोची गिऱ्हाइके आणि मुलांची शाळा हुडकेश्वरकडची, म्हणूनच हे अंतर पडले आहे. घर कुठे मिळाले याचीच ती किंमत आहे.

विजेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात तिचा खर्च निवाऱ्याचाच भाग असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखाली कूलरशिवाय रात्र निघत नाही. घरगुती विजेचा दर वापरानुसार चढत जातो: पहिल्या 100 युनिटना सर्वांत कमी, 101 ते 300 पर्यंत त्याहून अधिक, 300 च्या पुढे आणखी अधिक. घरमालकाच्या एकाच मीटरवर तीन भाडेकरू असले आणि प्रत्येकाला सबमीटर लावून दिलेला असला, की तिघांचा वापर एकत्र होऊन बिल वरच्या टप्प्यात जाते. मालक त्यावरून एक सरसकट दर ठरवतो आणि प्रत्येक युनिटला तोच घेतो. कमी वापरणाऱ्यासाठी ठेवलेला स्वस्त टप्पा कमी वापरणाऱ्या भाडेकरूपर्यंत पोहोचतच नाही. यात मालकाची लबाडी असतेच असे नाही, त्याला आलेले बिलच तसे असते. भाडेकरूला वेगळा मीटर घेता येतो, पण त्यासाठी बहुधा मालकाची संमती मागितली जाते, आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस त्यासाठी भांडत बसत नाही.

आता हाच 39 टक्क्यांचा वाटा दीड लाख रुपये मिळवणाऱ्या दांपत्याला लावून पाहा. त्यांचे 58,500 रुपये घरावर गेले तरी हाती 91,500 उरतात. हुडकेश्वरच्या कुटुंबाकडे उरतात 21,500, आणि त्यातून किराणा, शाळेची फी, औषधे, गावाकडे पाठवायचे पैसे, लग्नकार्याचा आहेर हे सगळे भागवायचे. टक्का सारखा, जगणे मात्र सारखे नाही. मिळकत वाढते तसा भाड्याचा वाटा घटत जातो, हे हेर्मान श्वाबे या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1868 सालीच बर्लिनच्या आकड्यांवरून दाखवले होते. गरिबाच्या वाट्याला टक्काही मोठा येतो आणि उरलेली रक्कमही लहान असते. म्हणून घरावर किती गेले याच्याआधी घरावरचा खर्च वजा जाता किती उरले, हे विचारायला हवे.

सरकारी आकड्यांतून ही ओढाताण दिसणे अवघड आहे. कुटुंबांच्या उपभोग खर्चाच्या 2023-24 च्या देशव्यापी पाहणीत शहरी भागातील दरडोई मासिक खर्च 6,996 रुपये आढळला आणि त्यात भाड्याचा वाटा साडेसहा टक्क्यांच्या आसपास निघाला. हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की घराचा प्रश्नच मिटला. पण ही सरासरी भाडे देणारे आणि न देणारे सर्वांची मिळून आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे भाडे शून्य, आणि त्या घराला भाडे आले असते तर किती, हे त्यात धरलेले नाही. गृहकर्जाचा हप्ताही उपभोग खर्चात मोडत नाही. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत सी. पी. अँड बेरार या तेव्हाच्या प्रांताच्या 1949 च्या भाडेनियंत्रण आदेशाच्या काळापासून नाममात्र भाड्यावर टिकून असलेली कुटुंबे (त्यांच्या मालकांची दुखणी हा वेगळ्या पत्राचा विषय) आणि मानेवाड्यात दरवर्षी वाढीव भाड्याचा नवा करार करणारी कुटुंबे एकाच भागाकारात जातात.

घर विकत घेणाऱ्याची गोष्टही टक्क्यांत नीट मावत नाही. समजा, बेसा-बेलतरोडी भागात 40 लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला. या किमतीला बँक 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 32 लाख देते. उरलेले आठ लाख, सुमारे सात टक्के मुद्रांक शुल्क, 30,000 रुपये नोंदणी फी आणि परवडणाऱ्या घराचा एक टक्का जीएसटी मिळून साडेअकरा लाख रुपये रोख लागतात. घर केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, तेवढाच दिलासा. आठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता 26,800 च्या आसपास येतो. तो मिळकतीच्या 40 टक्क्यांत बसवायचा तर घरात महिना 67,000 यावे लागतात, आणि 30 टक्क्यांत बसवायचा तर 89,000. साडेअकरा लाखांसाठी पीएफ काढला जातो, दागिने गहाण पडतात, भावाकडून उसने घेतले जातात. यांपैकी काहीही हप्त्याच्या टक्केवारीत दिसत नाही.

शिवाय हप्ता स्थिर दिसतो तेव्हाही बोजा वाढलेला असू शकतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. त्याआधी सात टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी 30 लाख घेतलेल्याचा हप्ता 23,259 रुपये होता. वर्षभराने मुद्दल सव्वाएकोणतीस लाखांच्या आसपास असताना दर साडेनऊ झाला, तर एका महिन्याचे व्याजच 23,100 च्या वर जाते, म्हणजे मुद्दलात जवळपास काहीच जमा होत नाही. कित्येक बँकांनी अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. पगारातला वाटा तसाच राहिला आणि कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेले. हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बजावले. 2025 मध्ये दर उतरले. ज्यांची मुदत तेव्हा वाढली त्यांनी बँकेत जाऊन उरलेले हप्ते जरूर मोजून घ्यावेत.

सरकार स्वतःच्या नोकराला घरासाठी काय देते, तेही पाहण्यासारखे आहे. या भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीत नागपूर मधल्या ‘वाय’ वर्गात असल्याने जानेवारी 2024 पासून केंद्रीय कर्मचाऱ्याला मूळ वेतनाच्या 20 टक्के घरभाडे भत्ता मिळतो. मूळ वेतन 25,500 असेल तर 5,100 रुपये. एवढ्यात धड दोन खोल्या कुठे मिळतात, हे घर शोधणाऱ्या कोणालाही विचारावे. आणि हा तर पक्क्या नोकरीतला माणूस झाला. कंत्राटी कामगाराच्या पगारात असा भत्ता बहुधा नुसता कागदावर असतो.

राज्याच्या मे 2025 च्या गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरांचे उद्दिष्ट आहे. ते पुरे होवो. पण महिना तीस-पस्तीस हजारांत राहणाऱ्याला त्यातले स्वस्त घर विकत घेणेही पुष्कळदा झेपत नाही. त्याला हवी आहे बुटीबोरी, हिंगणा, मिहान येथे कामाच्या जवळ, करारात सुरक्षित आणि वेगळ्या वीजमीटरची भाड्याची खोली. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आणि महापालिकेने भाड्याच्या घरांसाठी जागा राखाव्यात, आणि एका इमारतीतल्या प्रत्येक भाडेकरूला वेगळा मीटर मिळणे सोपे करावे, अशी माझी सूचना आहे. घरांबरोबर भाडेकरूंची मिळकत आणि एकूण निवाराखर्च यांची वॉर्डनिहाय पाहणी झाली, तर कोणत्या भागात किती कुटुंबांकडे महिनाअखेर काय उरते, हे तरी कळेल.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. मालमत्तेच्या पानावर फ्लॅटच्या किमती आणि हप्ते छापले जातात, त्यांच्याशेजारी तो हप्ता झेपायला घरात महिन्याला किती मिळकत असावी लागते आणि सुरुवातीला रोख किती लागते, हे दोन आकडे छापावेत.

आपला,
एक निवृत्त लेखापाल,
मानेवाडा, नागपूर